डाळीच्या पिठाचा गोळा

शिवन्याचं जावळ सातव्या महिन्यात काढायचं ठरलं आणि कवठे येमाईला देवीच्या दारात दोन्हीकडची माणसं जमली. रीतीप्रमाणं पोर मामाच्या मांडीवर. अनुपमाचा भाऊ विश्वजीत वडगाव रासाईहून नवाकोरा शर्ट घालून आला होता आणि भाचीचे दोन्ही हात धरून तिच्याइतकाच घाबरून बसला होता. न्हाव्यानं डोकं भिजवलं, वस्तरा फिरवला. कापलेले केस मानेवरून आत घरंगळले तशी पोर खाजेनं रडायला लागली, म्हणून कुणीतरी तिचं झबलं काढलं.

तिथंच घोळ झाला.

झबलं निघालं आणि शिवन्याची पाठ सगळ्यांसमोर उघडी पडली. मानेपासून कमरेपर्यंत काळी, बारीक, मऊ लव. दोन्ही खांद्यांवर भोवऱ्यासारखी फिरलेली. कपाळावरही होती, भुवयांपर्यंत उतरलेली. अनुपमाला ती रोजचीच होती. रोज तेल लावताना तिच्या बोटांखालून जायची. पण इतक्या बायकांच्या नजरा एकदम त्या पाठीवर पडल्यावर तिलाही ती पहिल्यांदा पाहिल्यासारखी वाटली.

"घ्या," गिताबाई म्हणाल्या. या अनुपमाच्या चुलतसासू. सासरच्या गावी, खुटबावात, कुणाच्या घरचं कार्य यांच्या बोलण्याशिवाय पार पडत नसे. "डोकं चकोट केलं आन् पाठीवरचं जावळ तसंच. ए बाबा, तेवढा वस्तरा खाली पण फिरव की."

बायका हसल्या. न्हावीही मान खाली घालून हसला.

"पुतळे, गोळा फिरवत न्हाईस व्हय नातीला? डाळीचं पीठ, साय, चिमूटभर हळद. आपल्या सगळ्या पोरींना केलंय की आपण."

पुतळाबाई, म्हणजे अनुपमाच्या सासूबाई, नारळाची शेंडी सोलत होत्या. "फिरवला व्हता बारशाच्या टायमाला. पण अनू न्हाई म्हणली. कातडी नाजूक असती, लव आपसूक जाती म्हणं. ती शिकलीय, तिला ठावं."

"शिकलेल्या बाया सोता पार्लरात जाऊन कातडं सोलून घेत्यात, आन् पोरीला घरच्या घरी व्हतंय ते नको. पोरगा असता तर म्या बोलले असते का? पोरीची जात हाय, उद्या उजवायची हाय."

"पर आली कुणावर म्हणायची?" मागून एकीनं विचारलं. "बापाच्या, रविराजच्या, तर छातीवर बी केस न्हाई."

"तुला गं काय ठावं?"

"विहिरीत पवतोय की सगळ्या गावादेखत."

पुन्हा हशा झाला. पुतळाबाईंनी शेंडी खाली टाकली आणि ठामपणे सांगितलं, "अनूवर तर न्हाईच न्हाई. बघायला गेलो तवा म्या हात धरून बघितलाय तिचा. लोण्यावानी कातडी. घरी येऊन तवाच म्हणले, सून करीन तर हीच."

अनुपमानं आपल्या आईकडं पाहिलं. सविताबाईंनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंच्या अंगावर होती अशी. त्यांच्यावर गेली असंल."

त्या सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि अनुपमाला आठवत होतं तेवढं, तिच्या आजीचे हात कवडीसारखे गुळगुळीत होते. पण गेलेलं माणूस काही हुज्जत घालायला येत नाही. अनुपमानं भावाच्या मांडीवरून पोर उचलली आणि मानेवरचे केस न झटकताच तिला झबलं चढवलं. पोर घरी पोचेपर्यंत रडत राहिली.

अनुपमा अकरावीत असताना एका चुलतबहिणीच्या लग्नात मेंदी काढायला बसली होती. मेंदीवाल्या मुलीनं तिची बाही वर सारली, हात इकडून तिकडे वळवून पाहिला आणि अगदी सहज, कामाचं बोलावं तसं म्हणाली, "ताई, आधी वॅक्स करून यायचं ना. एवढ्या केसांत माझी डिझाइन दिसायची नाही." सात-आठ मुली रांगेत होत्या. कुणी हसलं नाही; त्या सगळ्या आपापल्या हातांकडं पाहायला लागल्या. त्या दिवसापासून अनुपमानं पूर्ण बाहीचे ड्रेस शिवून घेतले. शिरूरच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं, तिथं सूक्ष्मदर्शकाखाली पानावरची लव पाहायची होती. सरांनी सांगितलं, ही लव पानाचं रक्षण करते, पाणी धरून ठेवते. तिनं वहीत इतकी सुरेख आकृती काढली की सरांनी ती वर्गात फिरवली. आणि त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदा पार्लरची पायरी चढली.

हाताचं निभावलं. चेहऱ्याचं अवघड होतं. ओठावर आणि हनुवटीखाली राठ केस यायचे, ते दर दोन-तीन दिवसांनी काढावे लागत. सासरी आल्यावर तिनं छोटा रेझर सॅनिटरी पॅडच्या पुडक्यात ठेवला, कारण त्या पुडक्याला घरात कुणी हात लावत नसे. सकाळी बंब पेटवायच्या निमित्तानं सगळ्यांच्या आधी उठायचं, न्हाणीची कडी लावायची, आरसा खिडकीत टेकवायचा. पुतळाबाई शेजारपाजारी कौतुक सांगत, आमची सून कोंबड्याआधी उठती. रविराजनं कधी लाडात येऊन हनुवटी धरायला हात पुढं केला, तर ती मान फिरवून हसायची. लाजते, असं त्याला वाटायचं. त्याला तेच आवडायचं.

शिवन्या झाली तेव्हा दवाखान्यात नर्सनं तिला दुपट्यातून पुढं धरलं. बाकीच्या आया नाक कुणासारखं, डोळे कुणासारखे ते बघतात. अनुपमानं तिचे दंड बघितले.

जावळाचा व्हिडिओ घराण्याच्या ग्रुपवर आला. रविराजच्या आतेभावानं खाली लिहिलं, 'पोरगी आहे ना नक्की?' आणि हसून रडणारी तोंडं टाकली. दुसऱ्यानं अस्वलाचं चित्र टाकलं. रविराजनं पसंतीचा अंगठा टाकला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, भावाभावांत चालतंच. अनुपमानं व्हिडिओ पुन्हा लावला. पुन्हा लावला. ज्या क्षणी झबलं निघतं तिथं बोटानं थांबवून चित्र मोठं केलं.

तिला सगळं माहीत होतं. तीन महिन्यांची पोर घेऊन बारशासाठी सासरी आली तेव्हा तिनंच सासूबाईंना समजावलं होतं, की आत्या, लव मुळातून निघत नाही, नुसती तुटते, पीठ घासलं की कातडीला त्रास होतो. पुतळाबाईंनी वाद घातला नव्हता. "बरं बाई, तुझी पोर," म्हणाल्या आणि वाटीतलं पीठ भाजीच्या डाळीत कालवून टाकलं. माहीत असणं एकीकडं आणि पोरीची पाठ एकीकडं. शिवन्याला उद्या कुणीतरी सरळ विचारील, रांगेतल्या मुली आपापल्या हातांकडं पाहायला लागतील, आणि ते आपल्यामुळं, या एका गोष्टीभोवती अनुपमाचं डोकं घाण्यासारखं फिरायला लागलं.

पुतळाबाई दुपारची भाकरी खाऊन कांद्याच्या खुरपणीला जात. सासरे आनंदराव सोसायटीच्या ओट्यावर. रविराज कुरकुंभच्या कंपनीत. घर सुनं झालं की अनुपमा वाटीत डाळीचं पीठ घ्यायची. साय, हळद, दोन थेंब तेल. गोळा मऊ मळायचा आणि पोरीला पालथी घालून पाठीवरून गोल गोल फिरवायचा. पहिल्या दिवशी हलक्या हातानं. शिवन्याला गुदगुल्या झाल्या, ती खिदळली. गोळा उलटा करून बघितला तर पिठात बारीक काळे केस चिकटले होते. ते पाहून अनुपमाला इतकं बरं वाटलं, की तिनं गोळा उजेडात धरून नीट पाहिला.

रोज थोडे केस येत. रोज तिचा हात थोडा जोर धरी. आठवड्यानं पाठ विरळ दिसायला लागली, पण कपाळ काही हटेना. मोबाइलवर एक बाई पिठात लिंबू पिळायला सांगत होती. केस भुरके पडतात, दिसत नाहीत. अनुपमानं लिंबू पिळलं. पोर थोडी कुरकुरली, तर तिनं खुळखुळा वाजवला. नंतर अंग सुकावं म्हणून पाठ आणि कपाळ तसंच ठेवून तिला अंगणात घेऊन बसली. मार्चचं ऊन होतं. लिंबाचं पाणी लावून उन्हात बसलं की कातडी भाजते, हे कुणाला सांगायची वेळ आली असती तर तिनंच सांगितलं असतं.

संध्याकाळी पाठ लाल झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यांवर आणि कपाळावर फोड आले, दुपारपर्यंत फुटून पाणी यायला लागलं, आणि पोर तापानं फणफणली. झबलं कातडीला चिकटत होतं. पुतळाबाई शेतातून आल्या, पोरीला बघितलं आणि झबल्याची कड उचलून पाहिली.

"अनू, हे काय झालं गं?"

"काय माहीत, आत्या," अनुपमा म्हणाली. "उन्हानं असेल."

या बाबतीतलं हे तिचं पहिलं खोटं. त्यावेळी वाटलं, आधी दवाखाना, मग सांगू.

रविराज शिफ्ट सोडून आला आणि सगळे गाडीत बसून दौंडला बालरोगतज्ज्ञांकडं गेले. डॉक्टर तरुण होते, दिवसभर पेशंट बघून थकलेले. त्यांनी शिवन्याला टेबलावर पालथं घातलं, पाठीवरून भिंग फिरवलं आणि मान वर न करता विचारलं, "काय लावलं होतं हिला?"

अनुपमाचं तोंड उघडलं होतं. ती शपथेवर सांगू शकली असती की ते उघडलं होतं. शेजारी रविराज उभा होता. सांगायचं तर गोळा सांगावा लागला असता; गोळा सांगितला की का, हे आलं; आणि का, हे आलं की सगळंच.

"डाळीच्या पिठाचा गोळा, डॉक्टर," पुतळाबाई म्हणाल्या. "म्या फिरवला व्हता. बारशाच्या टायमाला."

बारशाचं डॉक्टरांनी धरलंच नाही. त्यांनी फक्त गोळा ऐकला. "आजी, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं? मुलगी आहे का भांडं, घासायला? बघा, कातडी सोलवटली आहे. त्यात जंतू गेलेत. अजून एक दिवस उशीर केला असता तर ॲडमिट करावं लागलं असतं. हे गोळे, धुऱ्या, गुट्या, सगळं बंद. हात लावायचा नाही तुम्ही हिला."

"व्हय," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "न्हाई लावत."

अनुपमा पोरीचे पाय धरून उभी होती. डॉक्टर लिहीत होते. पंखा फिरत होता. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं. डॉक्टरांनी कागद फाडून रविराजच्या हातात दिला, आणि मग नाही बोलता आलं.

गाडी चौफुल्यापर्यंत आली. मग रविराज एकदम म्हणाला, "आई, अनू तुला सांगून सांगून थकली. बारा बुकं शिकलीय ती. पण तुला गिताकाकीचं खरं."

"व्हय बाबा. चुकलं."

"चुकलं म्हणून भागतंय का? डाग ऱ्हायले तोंडावर तर?"

पुतळाबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागच्या सीटवर पोर अनुपमाच्या छातीशी निपचित पडली होती. अनुपमा समोरच्या आरशात नवऱ्याचे डोळे बघत होती आणि त्यांत आपल्यासाठी माया आहे, हे तिला दिसत होतं. त्या मायेनंच तिचं तोंड शिवलं.

औषधानं ताप उतरला. फोड सुकायला लागले. पण पुतळाबाईंनी पोरीला हात लावणं सोडलं ते सोडलंच. आधी शेतातून आल्या की पाय धुवायच्या आत नातीला उचलायच्या. आता उंबऱ्यावर बसायच्या आणि लांबूनच विचारायच्या, प्याली का, शी कशी झाली. शिवन्या त्यांना बघून हात पुढं करायची. त्या हसायच्या आणि हात मांडीखाली घ्यायच्या. एकदा अनुपमा भाकऱ्या थापत होती, पोर रडायला लागली. पुतळाबाई पाळण्याच्या दोरीला झोका देत राहिल्या. पोर जिवाच्या आकांतानं रडली तरी तिला उचललं नाही. "तू ये गं," एवढंच ओरडल्या. "माझा हात नको."

गिताबाई आल्या तेव्हा पुतळाबाई त्यांना सांगताना अनुपमानं ऐकलं. "इतक्या दिसांनी कसं काय उठलं म्हणून म्या लई इचार केला, आक्का. मग म्हणलं, आत मुरलं असंल. डॉक्टर खोटं कशाला बोलंल?"

"माझ्या पाच पोरींचं काय न्हाई झालं," गिताबाई म्हणाल्या.

"तुझा हात हलका. माझा राठ, खुरप्याचा. त्याच हातानं फिरवला."

अनुपमा चुलीपुढं बसली होती. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं, की आपण मघापासून हनुवटीवरून बोट फिरवतोय. केस टोचत होते. पोरीच्या दुखण्यात तिनं रेझरला हात लावला नव्हता. ओढणी हनुवटीपर्यंत ओढून ती घरात वावरत होती आणि कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. सगळे पोरीकडं बघत होते.

मग एका सकाळी पुतळाबाईंनी पिशवी भरली. दोन लुगडी, गोळ्या, तंबाखूची डबी. शिरूरला लेकीकडं जाऊन राहते म्हणाल्या. आनंदरावांनी पेपर खाली केला. "किती दिवस?"

"बघू. पोर मला बघून हात करती. मला न्हाई बघवत. जरा मोठी झाली म्हंजी इसरंल."

"येडी का काय," आनंदराव म्हणाले, पण पेपर पुन्हा वर केला. बायकोचं एकदा ठरलं की ठरलं, हे त्यांना लग्नापासून माहीत होतं. रविराज गाडी काढायला बाहेर गेला. आईला थांब म्हणायला तोही तयार नव्हता. मनातून त्यालाही वाटत होतं, जाऊ दे थोडे दिवस.

पुतळाबाई पिशवी घेऊन सैपाकघरात आल्या. "दूध वर ठेवलंय. मांजराचं ध्यान ठेव. आन् मलम सकाळ-संध्याकाळ लाव, इसरू नको."

"आत्या, तुम्ही जाऊ नका."

"येईन की परत."

"तुम्ही नाही केलं ते," अनुपमा म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला तो परत काढावा लागला. "मी केलं. जावळानंतर. तुम्ही खुरपायला गेल्या की मी गोळा फिरवायचे. रोज. लिंबू पिळलं होतं त्यात. आणि उन्हात घेऊन बसले."

पुतळाबाईंना समजायला वेळ लागला. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "तू? तूच नको म्हणत व्हतीस."

"हो."

"मग?"

अनुपमानं ओढणी खाली घेतली. सैपाकघराच्या खिडकीतून सकाळचा उजेड सरळ तोंडावर येत होता, आणि इतक्या वर्षांत ती अशा उजेडात, अशा तोंडानं कुणासमोर उभी राहिली नव्हती. "आजीवर नाही गेली ती. माझ्यावर गेलीय. मी काढते. लग्नाआधीपासून. तुम्ही हात बघितला त्याच्या आदल्या दिवशीच काढले होते."

पुतळाबाई बघत राहिल्या. ओठ, हनुवटी, गळा. बाजारात वांगं बघावं तसं नाही, आणि मायेनंही नाही. एखादी गोष्ट खरी का खोटी ते ठरवताना माणूस बघतं तसं. अनुपमाला वाटलं, आता काहीही म्हणोत, पण नजर हटवोत.

"तवा दिसलं असतं तर म्या न्हाई म्हणले असते," पुतळाबाई शेवटी म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? म्हणले असते, पोरगी राठ हाय, दुसरी बघा."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय? माझ्या तोंडावर बघ की मिश्या. म्हाताऱ्या बाईला कोण इचारतंय. तुला इचारलं असतं, हे खरं हाय. म्या बी इचारलं असतं." त्यांनी पदर खोचला. "पर ते येगळं, अनू. डॉक्टर मला बोलत व्हता तवा तू तिथंच व्हतीस. पोरीचे पाय धरून उभी व्हतीस. रविराज गाडीत बोलला तवा बी व्हतीस. आन् रोज हितं, म्या लेकराला घेत न्हाई, हे बघत व्हतीस. भाकऱ्या करत व्हतीस."

"आत्या..."

"ते केसांचं न्हाई. ते तुझं हाय."

अनुपमाला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. तिनं पुतळाबाईंच्या पायांना हात लावायला वाकायचं म्हटलं, पण पुतळाबाई बाजूला सरल्या.

"माझ्या पाया पडून काय? बाहेर जा आन् त्याला सांग. तो मला ज्या तोंडानं बोलला, त्या तोंडाला कळू दे."

"मी संध्याकाळी..."

"आत्ता. गाडी चालू हाय तवर."

अनुपमा ओढणी न ओढता बाहेर गेली. रविराज गाडीची काच पुसत होता. ओसरीवर आनंदराव होते, त्यांचा पेपर हलला नाही. म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. तिनं रविराजला सांगितलं. क्रमानं सांगता आलं नाही. आधी लिंबू आलं, मग जावळ, मग डॉक्टर, आणि मेंदीवालीही मध्येच आली, तिचं तिथं काही काम नव्हतं. रविराज फडकं हातात घेऊन ऐकत होता. मध्येच त्याची नजर तिच्या हनुवटीवर आली आणि तिथं थांबली. त्या नजरेत किळस नव्हती. पण आपल्या घरात एखादं दार आहे, जे आपल्याला आजवर दिसलंच नाही, असं बघतात तशी नजर होती. अनुपमाचा हात आपोआप वर गेला आणि तोंड झाकून राहिला. तिनं तो खाली घ्यायचा प्रयत्न केला. घेता आला नाही.

"म्हणजे आईनं..." रविराज म्हणाला.

"नाही."

"आणि मी तिला..."

त्यानं वाक्य सोडून दिलं. फडकं बोनेटवर टाकलं, आत गेला. सैपाकघरात आईपुढं उभा राहिला. मान खाली, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. काही तरी म्हणायचं होतं त्याला. शेवटी त्यानं ओट्यावरची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन खुंटीला अडकवली.

"च्या टाकू का तुला?" आतूनच विचारलं.

"तुला येतो व्हय च्या?" पुतळाबाई म्हणाल्या. "गप कामावर जा. उशीर झाला."

तो गेला. फाटकापाशी गाडी थोडी थांबली, तिला वाटलं, काच खाली होईल. गाडी वळली.

आत शिवन्या उठली होती. पाळण्यातून पाय उडवत होती. अनुपमा दारातच उभी राहिली. पुतळाबाई मोरीत गेल्या, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले. मग पाळण्यावर वाकल्या. इतक्या दिवसांनी हात पुढं आलेले बघून पोर आधी गोंधळली, मग आजीच्या गळ्यात अशी पडली की पुतळाबाईंचा तोल गेला आणि त्या चटईवर बसल्याच. काही वेळ त्या तिला तशीच धरून बसल्या. अनुपमाकडं त्यांची पाठ होती.

"मलम कुठाय?"

अनुपमानं मलम दिलं आणि शेजारी, थोडं अंतर ठेवून बसली. पुतळाबाईंनी पोरीला मांडीवर पालथं घातलं, झबलं वर केलं. खपल्या गेल्या होत्या. तिथं नवी कातडी आली होती, गुलाबी, तकतकीत. करंगळीच्या टोकावर मलम घेऊन पुतळाबाई ते लावायला लागल्या, इतक्या हळू की बोट टेकतंय की नाही ते कळत नव्हतं. उजव्या खांद्यापाशी आल्यावर त्यांचं बोट थांबलं. नव्या कातडीवर पुन्हा लव उगवली होती. बारीक, काळी, नुकत्या उगवलेल्या मेथीसारखी दाट.

"आली बघ," त्या म्हणाल्या. चांगलं का वाईट, काहीच सुरात नव्हतं.

अनुपमा ती लव बघत होती. आतून सगळ्यात आधी वर आलं ते काय होतं, हे तिला नीट कळलं. ते बरं वाटणं नव्हतं. पोरीची कातडी भरून आली याचा आनंद मागून आला, आणि जरा उशिरानंच आला. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांना हे दिसत असेल का, असं तिला वाटलं. तिनं वर पाहिलं नाही. आपले दोन्ही हात मांडीखाली घालून, त्यांवर सगळा भार देऊन ती तशीच बसून राहिली.